सांबरा, उजळाईवाडी आणि हुबळी विमानतळांच्या सल्लागार समित्यांना खुले पत्र: किलोमीटर पुरेत, आता वेळा जुळवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
विमानतळ सल्लागार समिती,
बेळगाव (सांबरा), कोल्हापूर (उजळाईवाडी) आणि हुबळी

विषय: तिन्ही विमानतळांवरून मुंबईला जाणाऱ्या विमानांच्या वेळा एकत्र बसून ठरवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

टिळकवाडीत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, लक्झरी, विमान, जे लागेल ते. दुकानात येणारं गिऱ्हाईक सगळ्यात आधी विचारतं, "पोचायचं किती वाजता?" किलोमीटर किती, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. पण सभेत, निवेदनात किंवा वर्तमानपत्रात विमानाचा विषय निघाला की गाडी अंतरावर येऊन थांबते. अमुक शहर इतकं जवळ, तरी विमान नाही. तमुक शहर इतकं लांब, तिथं मात्र आहे. म्हणून हे पत्र एकट्या सांबऱ्याच्या समितीला न लिहिता तिघांनाही लिहितोय. आमची अडचण तुम्हा तिघांच्या मधे कुठंतरी अडकलेली आहे.

आधी एक हौसेची मागणी बाजूला काढतो. बेळगाव–कोल्हापूर विमान सुरू करा, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. सांबऱ्याच्या धावपट्टीपासून उजळाईवाडीच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेषेत अंतर भरतं सुमारे 96 किलोमीटर. रस्त्यानं 110 च्या आसपास. म्हणजे आकाशातून गेलात तर वाचले जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर. त्यासाठी शहरातून उलट्या दिशेला सांबऱ्याला जायचं, काउंटर पाऊण ते एक तास आधी बंद होतो म्हणून त्याच्याही आधी पोचायचं, पिशव्या यंत्रातून काढायच्या, अर्धा तास उडायचं आणि उतरल्यावर पुन्हा कोल्हापूर शहरात जायला रिक्षा शोधायची. तेवढ्या वेळात मध्यवर्ती बस स्थानकावरून सुटलेली एसटी संकेश्वर, निपाणी, कागल करत कोल्हापूरच्या स्टँडवर लागलेली असते. (सीमाप्रश्न तापला की सगळ्यात आधी तीच एसटी बंद पडते, हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण त्यावर उपाय विमान हा नव्हे.) हुबळीचंही तेच. सांबरा ते हुबळी विमानतळ सरळ रेषेत सुमारे 75 किलोमीटर. इतक्या अंतरात विमान नीट उंचीवर पोचायच्या आत उतरायला लागेल.

तर तुमच्या तिघांच्या मधे विमान उडवायची काही गरज नाही. अंतर कमी आहे ही अडचण नाहीच. उलट तीच आपली जमेची बाजू आहे, आणि तिचा उपयोग आजवर कुणी केलेला नाही. त्याकडे येतोच.

आता मुंबई. आमच्या भागातल्या माणसाला विमान लागतं ते मुख्यतः मुंबईसाठी. सांबरा आणि मुंबई विमानतळ यांच्यात अक्षांशाचा फरक सव्वातीन अंशांच्या जरा आत आहे. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. त्यामुळे मुंबई आपल्या उत्तरेला साधारण 358 आणि रेखांशाच्या फरकानं पश्चिमेला 186 किलोमीटर पडते. शाळेतला पायथागोरस लावला की सरळ अंतर येतं सुमारे 403 किलोमीटर. महामार्गानं हेच अंतर 480-490 होतं. पंख्याचं एटीआर विमान वर गेल्यावर ताशी 500 च्या आसपास वेगानं जातं आणि जेट 800 च्या. म्हणजे हिशेबानं एटीआरला पन्नास मिनिटं आणि जेटला अर्धा तास. मग तिकिटावर तास-सव्वा तास का छापतात? गिऱ्हाईक मला हे विचारतं तेव्हा मी त्याला कागदावर काढून दाखवतो.

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. ती चाकांची असते. चाकाखालची अडण काढून विमान जागेवरून हललं तिथून घड्याळ सुरू होतं, आणि मुंबईत पुन्हा अडण लागेपर्यंत ते चालू राहतं. आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि जायचं असतं उत्तरेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान आधी पश्चिमेकडं उडून मग वळतं. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर बंधन असतं, त्यामुळे चढताना आणि उतरताना जेटसुद्धा एटीआरसारखंच दमानं चालतं. मुंबईत गर्दी असली तर वरच घिरट्या. उतरल्यावर जागा मिळेपर्यंत जमिनीवर रांग. शिवाय नियमानं पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर धरतात, म्हणून कंपन्याही पदरची दहा-पंधरा मिनिटं आधीच धरून ठेवतात. अर्ध्या तासाचा सव्वा तास होतो तो असा. यात कुणाची लबाडी नाही. छोट्या मार्गावर वरखर्चच मुद्दलापेक्षा मोठा होतो, एवढंच.

आणि हा सव्वा तासही पूर्ण प्रवासाचा एक तुकडाच. शहापूरहून निघालेल्या माणसाला कपिलेश्वर पूल, गांधीनगर, मुतगा, निलजी करत सांबऱ्याला पोचायला पाऊण तास धरावा लागतो. तिथं दीड तास आधी पोचावं. सव्वा तास विमान. बॅग येऊन बाहेर पडायला अर्धा तास. मुंबईत परळला पोचायला एक तास, आणि तोही रस्ता मोकळा मिळाला तर. बेरीज होते पाच तास. रात्रीच्या लक्झरीला दहा लागतात. कागदावर पाच तास वाचले.

पण पाच तास वाचूनही माणूस लक्झरीनंच का जातो, हा खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण घ्या. मागे निपाणीच्या बाजूचं एक कुटुंब दुकानात आलं. आईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं होतं, सकाळच्या ओपीडीचा नंबर होता. पैशाची ओढाताण होती, तरी मुलगा म्हणाला, आईला बसवत नाही, विमानानंच नेतो. मी स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. त्या दिवशीचं विमान दुपारचं. म्हणजे आदल्या दिवशी निघायचं, संध्याकाळी मुंबईत पोचायचं, लॉजमध्ये रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी दवाखाना. परतीचं विमानही दुपारचंच, आणि ओपीडीचे कागद हातात यायलाच दोन वाजतात. त्यामुळे आणखी एक रात्र. सव्वा तासाच्या विमानाला तीन दिवस आणि दोन लॉज. लक्झरीनं गेलं तर रात्री जेवून निघा, सकाळी दादरला उतरा, काम उरका, त्याच रात्री परत. मुलानं स्क्रीन बघितली, आईकडं बघितलं आणि म्हणाला, "दोन स्लीपर द्या, खालचे." मी खालचे दिले. खिडकीकडचा आईला.

सन्माननीय अध्यक्ष, त्या आईच्या प्रवासात 403 किलोमीटर कुठंच आडवे आले नाहीत. आडवी आली ती विमानाची वेळ.

आता जमेच्या बाजूकडं. उजळाईवाडी, सांबरा, हुबळी हे तीन विमानतळ एकाच महामार्गाच्या आसपास आहेत, पुणे-बेंगळूरूच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्त्यानं दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. निपाणीच्या माणसाला सांबऱ्यापेक्षा उजळाईवाडी जवळ. खानापूरच्या माणसाला सांबरा. कित्तूरच्या माणसाला सांबरा काय नि हुबळी काय, सारखंच, तो स्वस्त तिकीट बघतो. चिक्कोडीचा माणूस कधी इकडं, कधी तिकडं. आम्हा प्रवाशांच्या डोक्यात हे तीन विमानतळ केव्हाच एक झालेत. वेगळे आहेत ते तुमच्या तीन समित्यांच्या तीन फायलींत. तिन्ही ठिकाणी कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरणाचाच, तिन्ही समित्यांवर खासदार, आणि तरी एकाच्या वेळापत्रकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

परिणाम काय होतो? एकाच शहराला जाणारी विमानं दिवसाच्या एकाच पट्ट्यात येऊन बसतात, आणि सकाळ-संध्याकाळ तिन्हीकडं मोकळी राहू शकते. समजा कोल्हापूरचं विमान सकाळी मुंबईला गेलं, सांबऱ्याचं दुपारी आणि हुबळीचं संध्याकाळी. परतीलाही तसंच, पण उलट्या क्रमानं. मग निपाणीचं ते कुटुंब सकाळी उजळाईवाडीहून गेलं असतं आणि रात्री पुन्हा उजळाईवाडीलाच उतरून दोन तासांत घरी पोचलं असतं. नवीन विमान नको, नवीन धावपट्टी नको. आहेत त्या तीन विमानांच्या वेळा फक्त एकमेकांकडं बघून लावायच्या.

मला माहीत आहे, यावर उत्तर येतं की वेळा कंपन्या ठरवतात, समिती नाही. खरं आहे. मुंबईत विमान उतरवायची जागा, म्हणजे स्लॉट, मिळणं किती अवघड आहे हेही या धंद्यात असल्यामुळे मला कळतं. कोल्हापूरला सकाळचा स्लॉट मिळाला म्हणून बेळगावला मिळेलच असं नाही. पण म्हणूनच तर म्हणतोय, तिघांनी एकच सकाळ मागण्यात अर्थ काय? वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कंपन्यांची मागणी त्याच्या काही महिने आधी जाते. त्या मागणीच्या आधी तिन्ही समित्यांनी मिळून एक पत्र कंपन्यांना आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला दिलं, की या पट्ट्याला सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक हवं आणि कुठून कोणतं ते आम्ही ठरवलंय, तर ते पत्र तीन वेगवेगळ्या निवेदनांपेक्षा जड पडेल. आजवर आपण काय केलं? निवेदनं दिली, हार घातले, पहिल्या विमानासमोर फोटो काढले. पहिल्या विमानाच्या फोटोत असलेली सगळी माणसं सहा महिन्यांनी त्या विमानाची वेळ बदलते तेव्हा कुठं असतात, देव जाणे.

आणि भांडलो तेही एकमेकांशी. 2018 मध्ये हुबळीला केंद्राच्या उडान योजनेचा, म्हणजे लहान शहरं विमानानं जोडायच्या योजनेचा, लाभ मिळाला आणि सांबऱ्याची विमानं तिकडं गेली. बेळगावात केवढा संताप झाला होता! टर्मिनलची नवी इमारत होऊन वर्षही झालं नव्हतं, 2017 च्या सप्टेंबरमध्ये तिचं उद्घाटन झालेलं. पुढं सांबऱ्याचाही उडानमध्ये समावेश झाला, 2019 पासून एकामागून एक शहरं जोडली गेली आणि आम्ही खूश झालो. मग काही वर्षांत त्यातली बरीच गळाली. यात फार गूढ काही नाही. उडानमध्ये कंपनीला तोट्याची भरपाई मिळते ती तीन वर्षं. निम्म्याच्या आसपास जागा ठरलेल्या दरानं विकायच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार, असा सुरुवातीचा हिशेब होता. तीन वर्षं संपली की भरपाई बंद, आणि मग विमान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर राहिलं. उभं राहतं ते कशावर? रोज त्याच वेळी जाणाऱ्या माणसावर. उद्यमबागच्या फाउंड्रीतला माणूस गिऱ्हाइकाला भेटायला जातो, तो सकाळी जाऊन रात्री परत येणार असेल तरच विमानानं जातो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातला जवान रजेवर निघतो, त्याला पुढचं कनेक्शन मिळालं तरच हे विमान कामाचं. दुपारच्या एकट्या विमानात बसतो तो सवडीनं जाणारा पाहुणा, आणि त्याच्या जिवावर मार्ग चालत नाही. वेळ चुकीची असली की प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून विमान बंद, आणि मग म्हणायचं या भागात मागणीच नाही. मागणी आहे, साहेब. रात्री नऊनंतर महामार्गावर उभं राहून मुंबई-पुण्याच्या लक्झरी मोजा.

पुण्याबद्दल दोनच वाक्यं. पुणे सरळ रेषेत 310 आणि रस्त्यानं 340 किलोमीटर, शिवाय हुबळी–पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते. पुण्याच्या विमानासाठी तुमची ताकद खर्च करू नका, मुंबईवर लावा.

मुंबई म्हटलं की आता 'कुठली मुंबई' हेही विचारायला लागणार. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. सांबऱ्याहून तो सरळ रेषेत सुमारे 385 किलोमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा वीसेक किलोमीटर जवळ. हवेत हा फरक दोन-तीन मिनिटांचा, पण जमिनीवर मोठा. टाटाच्या पेशंटला नवी मुंबई सोयीची, कारण अटल सेतूवरून शिवडीला उतरलं की परळ आलंच, आणि टाटाचं खारघरचं केंद्र तर विमानतळाच्या शेजारातच. पण ज्याला जुन्या विमानतळाच्या सहार टर्मिनलवरून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान पकडायचं आहे त्याला नवी मुंबईत उतरवलं तर त्यानं सगळी मुंबई ओलांडायची. आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी येत नाही, पैसे बुडाले. जुन्या विमानतळावरसुद्धा एका टर्मिनलवरून दुसऱ्याला जायला रस्त्यावर यावं लागतं. म्हणून तीन विमानतळांनी वेळा वाटून घेताना हेही वाटून घ्यावं. एखादं विमान नवी मुंबईला, बाकीची जुन्याला. सगळी एकीकडं ढकलली तर निम्म्या प्रवाशांचं नुकसान ठरलेलं.

आता सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, बस. सांबऱ्याला बस जाते, पण ती सांबरा गावाची. विमानाच्या वेळेशी तिचं काही देणंघेणं नाही. म्हातारा-म्हातारी पिशव्या घेऊन फाट्यावर उतरतात आणि आत चालत जातात. पावसात तर बघवत नाही. रिक्षावाला मागेल तो दर, आणि त्याला तरी काय बोलायचं, परतीचं भाडं मिळत नाही म्हणतो, तेही खरं. माझी मागणी चकचकीत एसी बसची नाही. विमान उतरल्यावर तीस-चाळीस मिनिटांनी सुटणारी एक साधी गाडी, रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बस स्थानक करून जाणारी. आणि दुसरी, निपाणीपर्यंत महामार्गानं जाणारी, संकेश्वरला थांबणारी. विमान उशिरा आलं तर गाडीही थांबेल, एवढी एकच अट. चालकाला विमानतळावरून एक फोन गेला की झालं. तीन विमानतळ एक समजायचे असतील तर त्यांना जोडणारी गाडी हवीच, नाहीतर उजळाईवाडीला सकाळी सातला पोचायचं कुणी आणि कसं?

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की विमान सांबऱ्यावर घिरट्या मारतं आणि गोव्याला नाहीतर हुबळीला जाऊन उतरतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, जिवापेक्षा वेळ मोठी नाही. तक्रार आहे ती पुढच्या दोन तासांबद्दल. माझ्याच एका गिऱ्हाइकाला असं दुसऱ्या विमानतळावर उतरवलं आणि बस येणार, बस येणार म्हणत रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवलं. शेवटी चौघांनी मिळून टॅक्सी केली. तीन समित्या एकमेकांशी बोलत असत्या तर 'सांबऱ्याचं विमान इकडं वळलंय' हा निरोप मिळताच बस लागली असती. गाड्यांशी करार आधीच करून ठेवता येतो, त्यासाठी पाऊस पडायची वाट बघायला नको.

यातलं काहीच झालं नाही तर काय होईल, तेही डोळ्यासमोर आहे. गोव्याचा मोपा विमानतळ सांबऱ्याहून सरळ रेषेत 82 किलोमीटरवर आहे. वाटेतल्या चोर्ला घाटाची दैना नसती तर बेळगावचा निम्मा प्रवासी केव्हाच तिकडं गेला असता. घाटात खड्डे असूनही लोक जातात, कारण तिथं विमानं जास्त, वेळा सोयीच्या आणि तिकीटही पुष्कळदा कमी. तो रस्ता एकदा नीट झाला की तुम्ही तिघं एकमेकांशी कशासाठी भांडत होता, हे आठवायलाही कुणी शिल्लक राहणार नाही. 2024 च्या मार्चमध्ये सांबऱ्याच्या आणि हुबळीच्या नव्या इमारतींची पायाभरणी झाली, त्याच दिवशी कोल्हापूरच्या इमारतीचं उद्घाटन झालं. इमारती होतील, चांगल्याच होतील. सांबरा आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धावपट्टीत गेल्यात, त्यांच्या मुलांनाही त्या इमारतीतून कधीतरी सकाळी जाऊन रात्री परत यायला मिळावं.

तर विनंती अशी. पुढचं वेळापत्रक ठरायच्या आत तिन्ही समित्यांची एक संयुक्त बैठक घ्या. बेळगावात घेतली तर कोल्हापूरचे रुसतील, कोल्हापुरात घेतली तर हुबळीचे. निपाणीत घ्या. दोन विमानतळांच्या मधलं गाव आहे, महामार्गावर आहे, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं ते तिथंच राहतात. हुबळीच्या मंडळींना जरा लांब पडेल, त्यांनी सकाळी लवकर निघावं. बैठकीला कंपन्यांचे वेळापत्रक बघणारे अधिकारी बोलवा, दोन्ही राज्यांच्या बसवाल्यांना बोलवा, आणि आम्हा तिकीट एजंटांपैकी दोघा-चौघांना मागच्या खुर्चीवर बसू द्या. कोणत्या दिवशी कोणत्या वेळेचं तिकीट मागायला लोक येतात आणि नाही म्हटल्यावर कुठं जातात, ते आमच्याकडं लिहून ठेवलेलं असतं. वही घेऊन येतो. तारीख तेवढी आठवडाभर आधी कळवा, आणि सोमवार नको, त्या दिवशी दुकान सोडवत नाही.

आपला,
एक तिकीट एजंट,
टिळकवाडी, बेळगाव